वर चालेल का?

मेट्रनबाईंचा मला राग आहे. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, माझेच केस पांढरे होऊन विरळ झाले, तरी आहे. त्यांच्याविषयी बोल म्हटलं की लोकांना एक प्रेमळ, श्रद्धाळू, पांढऱ्या साडीतली सेवामूर्ती हवी असते. तशी बाई मला माहीत नाही. मला माहीत आहे ती नगरकडची एक बुटकी, रुंद, काळीसावळी बाई, जिच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज व्हरांड्याच्या टोकाला ऐकू आला की आम्ही सगळ्याजणी कॉफीचे पेले तसेच खाली ठेवून उभ्या राहायचो.

आमचं मिशन हॉस्पिटल उत्तर मद्रासमध्ये होतं, बंदराच्या अलीकडे. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला कोळ्यांच्या झोपड्या. नाव सांगत नाही. आता तिथे कामाला असलेल्यांनी काही केलेलं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना तिथे टायपिस्ट म्हणून लागले. आमचं घर तंजावरकडच्या मराठ्यांचं, घरात आम्ही जी मराठी बोलायचो ती महाराष्ट्रातल्या कुणाला कळली तर नवल. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "तुम्ही कोठें राहतां?" तर त्या जागच्या जागी थांबल्या. मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू कुठल्या शतकातून आलीस?"

"तंजावरातून," मी म्हटलं.

तेव्हापासून मी 'तंजावर'. "ए तंजावर, इकडे ये." सहा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. आज मी ही जी मराठी लिहिते आहे, ती त्यांनी ओरडून ओरडून घडवलेली आहे. त्याबद्दलही थोडा राग आहे. माझ्या आईची भाषा माझ्या तोंडून गेली ती त्यांच्यामुळे.

त्यांचं एक वाक्य होतं. चादरीचा कोपरा नीट दुमडलेला नसला, औषधाच्या बाटलीवरचं लेबल तिरकं असलं, की कंबरेवर हात ठेवून विचारायच्या, "हे वर चालेल का?" सेक्रेटरीसाहेबांची खोली वरच्या मजल्यावर होती. त्यामुळे नवीन आलेली नर्स हटकून जिना चढून जायची आणि साहेबांना विचारायची की चादर चालेल का. साहेब गोंधळायचे. मग कुणीतरी तिला बाजूला घेऊन सांगायचं की बाईंचं 'वर' त्याच्याही पुष्कळ वर आहे.

त्यांच्या बोलण्यात हा विषय असा सहज यायचा, जसा आपल्या बोलण्यात उद्याचा पाऊस येतो. 'सार्वकालिक जीवन' हा त्यांच्या पुस्तकातला शब्द. हॉस्पिटलात तो सगळेच वापरायचे, प्रार्थनेत, पत्रांत, भिंतीवरच्या तसबिरींत. पण बाकीच्यांच्या तोंडी तो मेल्यानंतरच्या एखाद्या गावाचं नाव असल्यासारखा वाटे. बाई म्हणायच्या, "ते मेल्यावर सुरू होत नाही गं. सुरूच आहे. आज सकाळी तू त्या म्हातारीला बेडपॅन द्यायला वेळ लावलास ना, तोही त्यातच गेला. तो परत काढता येणार नाही."

मी एकदा म्हटलं, "आमच्यात असं म्हणतात, या जन्मी नाही जमलं तर पुढच्या जन्मी."

"चैन आहे तुमची," त्या म्हणाल्या. "मला एकच मिळालाय."

त्यांची तमिळ भयंकर होती. वीस वर्षं मद्रासमध्ये काढून क्रियापदं धड जमत नव्हती. पण एक शब्द पक्का कळायचा, 'नाळैक्कु', म्हणजे उद्या. वॉर्डमध्ये कुणी 'नाळैक्कु' म्हटलं की बाई त्या माणसाच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला गर्रकन वळवायच्या आणि कामाच्या दिशेने ढकलायच्या. मोठ्या डॉक्टरांनाही एकदा वळवलं होतं. ते हसले. बाई हसल्या नाहीत.

त्या चिडायच्या फार. इनॅमलचे ट्रे फेकायच्या. भरलेला ट्रे कधी नाही, रिकामा. आणि दिवस मावळायच्या आत क्षमा मागायला यायच्या, कारण राग घेऊन रात्रीत जायचं नाही असा त्यांचा नियम. ती क्षमा आम्हाला ट्रेपेक्षा भारी पडायची. दारात उभ्या राहून, तोंड वाकडं करून म्हणायच्या, "सकाळी मी ओरडले. ओरडणं वाईट होतं. तुझं काम त्याहून वाईट होतं. आता मला क्षमा कर." समोरची मुलगी "केली, केली" म्हणून रडायला लागायची. बाई समाधानाने निघून जायच्या, कारण त्यांचं काम झालेलं असायचं.

खोलीत एक लोखंडी खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह. रविवारी उपासनेहून आल्या की त्या स्टोव्हवर भाकऱ्या भाजायच्या. बाजरीला इथे कंबू म्हणतात हे कळायला त्यांना दोन वर्षं लागली होती आणि ती दोन वर्षं भाताने छळली असं त्या सांगायच्या. भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार. वॉर्डातल्या आया, झाडूवाल्या, मी, आम्ही सगळ्या त्यांच्या खोलीत जमिनीवर बसून खायचो. मी घरी गेले की आई मला आधी न्हाणीघरात पाठवायची आणि मग विचारायची, "काय खाऊन आलीस गे?" मी खोटं सांगायचे. खोटं बोलण्याची सवय मला अशी बारीकसारीक गोष्टींतून होती, हे आत्ताच सांगून ठेवते.

एकदाची गोष्ट. पुरुषांच्या वॉर्डात गोदीतला एक हमाल होता. पाय चिरडलेला, आत पू झालेला, वाचायची आशा नव्हती. बायबल वाचून दाखवायला येणारे एक उपदेशक त्याच्या उशाशी बसून स्वर्गाचं वर्णन करत होते. तिथे अश्रू नाहीत, तिथे वेदना नाहीत, तिथे स्फटिकासारखी नदी वाहते. त्याचा घसा कोरडा पडला होता आणि पायाखालची चादर सकाळपासून भिजलेली होती. बाई आल्या. नदीपर्यंतचं ऐकून घेतलं.

"उठा," त्या म्हणाल्या.

"मेट्रन, मी त्याला सार्वकालिक आशेविषयी—"

"त्याला पाणी पाजा. त्या कोपऱ्यात माठ आहे. मग चादरीचं ते टोक धरा. स्वर्ग कुठे पळून जात नाही."

आणि त्या सद्गृहस्थांनी, ज्यांनी आयुष्यात चादर धरली नसेल, चादर धरली. हमाल दुसऱ्या दिवशी गेला, कोरड्या चादरीवर. उपदेशकांनी वर जाऊन तक्रार केली. वर म्हणजे सेक्रेटरीसाहेबांकडे.

आता साहेबांविषयी सांगायला हवं. ते वाईट माणूस दिसत नसत. आवाज मऊ, चष्मा चांदीच्या काड्यांचा, कुणाशीही बोलताना मान एका बाजूला झुकलेली. मला नोकरी त्यांनी दिली. माझ्या अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा वॉर्डात जागा नसताना खाट त्यांनी मिळवून दिली आणि रोज संध्याकाळी येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली. अप्पा सोवळ्यातले, पण तेही डोळे मिटून घ्यायचे. मला साहेबांचा राग यायला हवा तेवढा कधीच नीट आला नाही आणि त्यामुळे उरलेला सगळा मी इतरांवर वाटत बसले.

बाईंना इंग्रजी लिहिता येत नसे. वाचून कळायचं, लिहायला बसलं की पेन थांबायचं. म्हणून कचेरीशी त्यांचा सगळा व्यवहार माझ्यामार्फत. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत टाइप करायचे. "लिही," त्या सुरुवात करायच्या, "आपल्या डोक्यात काय भरलंय?" मी टाइप करायचे की आपलं कृपाळू लक्ष वेधण्याची परवानगी असावी. मग त्या म्हणायच्या, वाचून दाखव, मराठीत. मी दाखवायचे. "हे कृपाळू कुठून आलं? मी म्हटलं होतं?" असं चालायचं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर बाळंतिणींच्या वॉर्डातलं निर्जंतुक करायचं यंत्र बिघडलं. वाफेवर चालणारं, मोठ्या पिंपासारखं यंत्र होतं ते. कापूस, पट्ट्या, कात्र्या, सगळं डब्यांत भरून त्यात ठेवायचं, दार आवळायचं आणि आत वाफेचा दाब चढवायचा. दाराची रबरी कड झिजली होती. वाफ बाहेर फसफसायची आणि दाबाचा काटा अर्ध्यावर येऊन बसायचा. बाईंनी मला नेऊन तो काटा दाखवला होता. "हा इथपर्यंत यायला हवा," त्या बोट ठेवून म्हणाल्या. "नुसतं उकळून सगळे जंतू मरत नाहीत. धनुर्वाताचे तर नाहीतच. लिही पत्र."

पहिलं पत्र गेलं. उत्तर नाही. दुसरं गेलं. तेव्हा साहेबांनी मला बोलावलं.

त्या दिवसांत आवारातल्या प्रार्थनामंदिराचा मनोरा उभा राहत होता. परदेशातून मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते घंटा वाजायची होती. साहेब म्हणाले, "यंत्र नवं घ्यायचंच आहे. मनोरा पुरा होऊ दे. सहा महिन्यांचा प्रश्न. तोवर तिची पत्रं कमिटीच्या फायलीत घालू नको, उगाच गवगवा होईल. तुझ्याकडे ठेव."

मी ठेवली. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात. मूळ प्रती आणि कार्बन प्रतीही.

बाई स्वतःही वर गेल्या. मी तिथेच टाइपरायटरपाशी होते. साहेब मान कलती करून म्हणाले, "मेट्रन, आपण दोघंही श्रद्धावंत आहोत. अनंतकाळाच्या दृष्टीने पाहिलं तर सहा महिने म्हणजे काय?"

बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या ओरडल्या नाहीत. "अनंतकाळाच्या दृष्टीनेच पाहते आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सहा महिने मोठे दिसतात मला."

नंतर जिन्यात त्यांनी मला तिसरं पत्र सांगितलं. ते मी टाइप केलं, एका शब्दाचाही कृपाळूपणा न करता. तेही खणात गेलं.

पोंगलच्या आठवड्यात पहिली बाई गेली. जबडा आवळला गेला, मग पाठीची कमान झाली. बाळ तिच्याशेजारी धडधाकट रडत होतं. पंधरा दिवसांत आणखी दोघी. धनुर्वात. मृत्यूच्या नोंदी टाइप करायचं काम माझंच होतं. तिसऱ्या नोंदीच्या वेळी माझ्या बोटांना घाम आला होता आणि कळांवरून बोटं घसरत होती, एवढं आठवतं.

कोळीवाड्यातून माणसं दगड घेऊन फाटकाशी आली, तेव्हा कमिटी बसली. चार पुरुष, एक परदेशी बाई, समोर काचेच्या पेल्यांवर विणलेले रुमाल. साहेबांनी शांतपणे सांगितलं की यंत्र बिघडल्याची लेखी सूचना कचेरीला कधी मिळालीच नाही. बाई उठल्या. "तीन पत्रं दिली," त्या म्हणाल्या. "हिला विचारा. हिने टाइप केली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "मेट्रनने यंत्राविषयी तुझ्याकडून पत्रं लिहून घेतली का?"

अप्पा खाटेवर होते. धाकटी बहीण लग्नाची होती. घरात कमावणारी मी एकटी. ही कारणं त्या क्षणी माझ्या मनात आली असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे काहीच मनात आलं नाही. मी साहेबांच्या कलत्या मानेकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही, सर."

बाई खाली बसल्या. वीस वर्षांच्या नोकरीनंतर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना महिनाअखेर जायला सांगितलं.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, त्या आमच्या घरी आल्या. पुरसवाक्कमला बसने येऊन, विचारत विचारत. आई दारात रांगोळीच्या अलीकडे उभी, आत या म्हणावं की नाही तिला कळेना. बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. कॅनव्हासचे बूट चिखलाने भरले होते.

"तंजावर," त्या म्हणाल्या, "तू आज खोटं बोललीस."

मी मान खाली घातली.

"मी तुला क्षमा केली. खरं सांगायचं तर मनापासून नाही केली. पण केली. मन मागून येईल, त्याला काय. दिवस मावळायच्या आत करायची होती, केली. माझं काम झालं. आता तुझं तू बघ."

आणि गेल्या. आई म्हणाली, "कोण गे ती? रागावली का?"

इथे माझा राग सुरू होतो. त्यांनी शिव्या द्यायच्या होत्या. थोबाडीत मारायची होती. मग मीही उलटून काही बोलले असते, अप्पांच्या खाटेचं सांगितलं असतं, दोघींच्या वाटणीत पाप थोडं इकडे थोडं तिकडे झालं असतं. त्यांनी तसं काही होऊ दिलं नाही. स्वतःचं काम उरकलं आणि माझं माझ्या हातात ठेवून त्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. एवढा निष्ठुरपणा मी नंतर कुणात पाहिला नाही.

मी काय केलं? मी म्हटलं, उद्या. बहिणीचं लग्न होऊ दे. लग्न झालं. अप्पांचं दुखणं जरा आटोक्यात येऊ दे. अप्पा गेले. वर्षश्राद्ध होऊ दे. पत्रं खणात होती. यंत्राच्या दाराला कुठूनतरी रबर आणून बसवलं होतं, काटा कधी चढायचा, कधी नाही. नवी मेट्रन शांत स्वभावाची होती. मनोरा पुरा झाला, घंटा वाजली, पाहुण्यांच्या गळ्यात जाईच्या माळा पडल्या. आडीच्या, म्हणजे तमिळ आषाढाच्या, महिन्यात आणखी एक बाळंतीण तशीच गेली. आणि दिवाळीनंतर आणखी एक.

पाचव्या नोंदीचा कागद मी टाइपरायटरमधून काढला, खण उघडला, तिन्ही पत्रं आणि त्यांच्या प्रती पिशवीत घातल्या आणि भर दुपारी, सुट्टी न मागता, किलपॉकला अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. त्यांनी व्हरांड्यात उभ्यानेच ती वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"घाबरले, सर."

त्यांनी मूळ पत्रं स्वतःकडे ठेवून घेतली. प्रती मी दिल्या नाहीत.

तीन आठवड्यांत नवं यंत्र आलं. तीन आठवड्यांत! एवढंच लागत होतं. चौकशी पुन्हा झाली नाही, मेट्रनबाईंवरचा ठपका तसाच राहिला, साहेब तसेच राहिले. माझी जागा कमी करण्यात आली. निरोप देताना साहेबांनी मला स्वतःच्या सहीचं प्रशस्तिपत्र दिलं. त्यात माझ्या प्रामाणिकपणाचा खास उल्लेख होता. तो वाचताना मला हसू आलं नाही.

बाई मद्रासच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या कोवलमला आहेत असं एका आयेकडून कळलं. बसने केळंबाक्कमला उतरले, तिथून मिठागरांच्या कडेने बैलगाडीने गेले. कोळ्यांचं गाव. किनाऱ्यापासून थोडं आत ताडाच्या झावळ्यांची एक शेड, बाहेर बायकांची रांग, सगळीकडे वाळत घातलेल्या मासळीचा वास. आत बाई एका म्हातारीच्या पायातला गळ कापून काढत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तंजावर. तो पाय धर घट्ट. हलू देऊ नको."

मी धरला. गळ निघाला, म्हातारीने आम्हा दोघींना सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. पट्टी बांधून झाल्यावर बाहेर फळीवर बसलो, तेव्हा मी एका दमात सगळं सांगितलं. पत्रं दिली, यंत्र आलं, नोकरी गेली. मला वाटलं होतं त्या 'बरं केलंस' म्हणतील. एवढ्या लांब मी त्यासाठीच आले होते.

"मधे किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"मी गेल्यापासून तू पत्रं देईपर्यंत. बाळंतिणी किती गेल्या?"

"दोन," मी म्हटलं.

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. समुद्राकडे बघत बोलल्या, पण माझ्याशी बोलत असल्यासारख्या नाही. "मला वॉर्डाला कुलूप घालता आलं असतं. किल्ली माझ्या कंबरेला होती. बाळंतिणींना परत पाठवायचं, सरकारी हॉस्पिटलात जा म्हणायचं, आणि दारात बसायचं. काय केलं असतं त्यांनी? काढून टाकलं असतं. ते तर तसंही टाकलंच. मी पत्रं लिहीत बसले. तीन पत्रं! मोठा पराक्रम."

"पण तुमच्या देवाने तुम्हाला—" मी म्हणाले. "तुमच्यात क्षमा आहे ना?"

"आहे. त्याने केली असेल, तो करतो. त्या तिघींना अजून विचारलेलं नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी नेहमीच्या आवाजात, "भेटायच्या आहेत त्या मला. समजतंय का? मला खरंच वाटतं हे. लोक प्रार्थनेत म्हणतात तसं नाही. समोरासमोर भेटायच्या आहेत. सकाळी डोळे उघडले की पहिली तीच आठवण येते. मग दिवसभर नीट वागावं लागतं. चल, उठ, रांग वाढलीय."

मी त्या दिवशी अंधार पडायच्या शेवटच्या बसपर्यंत पट्ट्या कापत होते. पुढे मद्रासमध्येच पॅरीज कॉर्नरजवळच्या एका विमा कचेरीत मला नोकरी लागली आणि दर रविवारी मी कोवलमला जाऊ लागले. साडेतीन वर्षं. मी ख्रिस्ती झाले नाही, त्यांनी कधी सुचवलंही नाही. मी एकदा विचारलं, का नाही सुचवत? "तू आधी वेळेवर येत जा," त्या म्हणाल्या. त्या आधीसारख्याच चिडायच्या, आधीसारख्याच संध्याकाळी क्षमा मागायच्या. माझ्या त्या 'नाही, सर'विषयी मात्र पुन्हा एक अक्षर नाही. त्यांचं ते काम झालेलं होतं. मन मागून आलं का, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

तापाने गेल्या. चार दिवसांत. मी पोचले तेव्हा कोळ्यांनी वाळूच्या टेकाडामागच्या दफनभूमीत त्यांना पुरूनही टाकलं होतं. त्यांच्यात मयतासाठी कुणी थांबत नाही.

दोन आठवड्यांनी हॉस्पिटलने त्यांच्यासाठी स्मरण-उपासना ठेवली. हो, त्याच हॉस्पिटलने, त्याच मनोऱ्याखाली. मला कुणी बोलावलं नव्हतं. एक आया येऊन सांगून गेली. मी मागच्या बाकावर बसले. पंखे फिरत होते, पुढे हारात त्यांचा एक जुना फोटो, तरुणपणीचा, ओळखू न येणारा. सेक्रेटरीसाहेब बोलायला उभे राहिले. केस पूर्ण पांढरे झाले होते. मान तशीच कलती. कागद काढून त्यांनी मऊ आवाजात वाचायला सुरुवात केली. आपली ही भगिनी, ते म्हणाले, या जगात पाहुण्यासारखी राहिली. ऐहिक गोष्टींकडे तिचं लक्ष नव्हतं. तिची दृष्टी सदैव अनंतकाळावर लागलेली होती. तिच्या हातून काही मानवी चुका झाल्या, पण त्या आपण विसरू या, जशा परमेश्वराने त्या विसरल्या आहेत.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. समोरच्या बाकाची पाठ धरून ठेवली होती. मी तमिळमध्ये बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"चूक त्यांची नव्हती," मी म्हटलं. "त्यांनी तीन पत्रं दिली होती. ती मी टाइप केली, मी लपवली, आणि कमिटीसमोर मी खोटं बोलले. लपवायला यांनी सांगितलं." माझ्या पिशवीत कार्बन प्रती होत्या. त्या मी वर धरल्या. बाकांवरून माणसं वळून बघत होती, कुणीतरी पोराला गप्प करत होतं, आणि साहेबांच्या हातातला कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता.

मग मी नावं घेतली. मीच टाइप केली होती, पाठ होती. चेल्लम्मा. फातिमा बी. काशियम्माळ. आणि मी गप्प राहिले म्हणून गेलेल्या दोघी, सरोजा आणि एस्तर.

"बसा अम्मा, बसा," पुढून कुणीतरी म्हणालं.

मी बसले नाही.